वरचं दूध

माझं कामच असं आहे की समोरच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही. महाडला सरकारी कचेरीत मी दाखल्यांच्या टेबलावर बसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, कोणाचं नाव रेशनकार्डावर आहे आणि कोणाचं मुद्दाम गाळलेलं आहे, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. कागद हातात आला की मी आधी खाडाखोड शोधते आणि मग मजकूर वाचते. नवरा म्हणतो, तू लग्नपत्रिकासुद्धा तशीच वाचतेस. खोटं नाही. तर अशी बाई आई झाली की काय होतं, ते सांगते.

बाळंतपण महाडलाच झालं. सिझेरियन, मुलगी. पाचव्या दिवशी घरी सोडताना सिस्टरने आम्हां तिघींना समोर उभं केलं: मला, माझ्या आईला आणि सासूबाईंना. सिस्टर लातूरकडची, आवाज खणखणीत. "सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं दूध अजिबात नाही, एक थेंब नाही. पाणीसुद्धा नाही. मध नाही, घुटी नाही. कळलं का?" आई सगळ्यात जोरात मान हलवत होती. सासूबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, "आणि पुरलं नाही तर?"

तो प्रश्न मी तिथल्या तिथे मनात लिहून ठेवला. त्याला कारण होतं. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी माझं दूध उतरलेलं नव्हतं, नुसते चिकाचे थेंब यायचे आणि मुलगी सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायची. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पावडरीचा डबा आणू का? खालीच मेडिकल आहे." सिस्टरने त्यांना तिथेच झापलं. हे थेंब म्हणजेच तिचं जेवण, पोट केवढंसं तिचं, असं काहीतरी म्हणाली.  पण जी बाई एकदा डबा म्हणाली ती संधी मिळाली की डबा आणणार, अशी माझी खात्री झाली.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी तिथून आमच्या वाडीत गेले. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या दिशेने निघालं की घाट सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताला आमची बौद्धवाडी लागते. घरात आई एकटीच. वडील नाहीत, भाऊ मुंबईला. आईने मागची खोली माझ्यासाठी तयार केली होती: बाज, बाजेखाली शेगडी, खिडकीला चादर. वारा लागता कामा नये, हा तिचा हुकूम.

पाजणं आपोआप येतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते आठवत नाही. आठवलं तर त्या माणसाला गाठून दोन शब्द ऐकवायचे आहेत. टाके ओढायचे म्हणून मांडीवर घेता येत नव्हतं. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे बाजारची पिशवी काखेत धरावी तसं मुलीला काखेत धरायचं, डोकं तळहातावर, पाय माझ्या पाठीकडे. नुसतं बोंड तोंडात द्यायचं नाही, भोवतालचा काळा भाग आत गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. हे सगळं मला पाठ होतं. मुलीला नव्हतं. ती टोकाला चावा घ्यायची, मी दात आवळून धरायची. दोन दिवसांत बोंडांना चिरा पडल्या. मग दूध उतरलं ते असं, की छाती दगडासारखी झाली आणि मुलीला ती तोंडात धरताच येईना. आई गरम पाण्याचं फडकं ठेवून द्यायची आणि म्हणायची, "हुईल गो, हुईल. समद्यांचा होतो."

आठव्या दिवशी दुपारी झालं. तिने तोंड मोठं उघडलं, मी घाईने जवळ घेतलं, आणि चावा बसण्याऐवजी ओढ बसली. मग आवाज आला, घुटुक. थोड्या वेळाने पुन्हा, घुटुक. मी श्वास रोखून ऐकत होते. तिचा हात मुठीतून हळूहळू उघडला. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि रडताना हलले तर सुटेल म्हणून न हलता रडले. पुढचे दोन दिवस मी घरातली सगळ्यात शहाणी बाई होते.

आणि मग ती पीनाशी झाली.

पाजायची वेळ झाली तरी झोपलेली. उठवली तरी दोनदा ओढून तोंड फिरवायची. सकाळी मी न्हाणीतून येऊन शेकायला बसले आणि नंतर तिला घेतलं, की ती हमखास सुस्त. "झोपू दे गो, झोपेत पोर वाढतो," आई म्हणायची. पण तिचे लंगोट बदलले होते. आधी मोहरीसारखं पिवळं पातळ असायचं, ते आता पांढरट, घट्ट आणि वास मारणारं. पोट टणक. आणि एकदा मी तिच्या तोंडाशी नाक नेलं, तर तिथे एक गोडसर उग्र वास होता. माझ्या दुधाला तसा वास नव्हता. मी हाताला लावून हुंगून पाहिलं.

मनात पाल चुकचुकली ती गप्प होईना. कोणीतरी माझ्या मुलीला काहीतरी पाजत होतं.

घरात येऊन-जाऊन दोघीच, आई आणि सासूबाई. आधी मी आईला विचारलं, कारण तिला विचारणं सोपं होतं. "आई, खरं सांग, बाळाला कोणी वरचं दूध देतंय का?" आई पोळपाट तसाच ठेवून माझ्यापुढे आली. "नाय गो बाय. वरचा एक थेंब नाय दिला मी. सिस्टर काय बोलली ती माज्या ध्यानात हाय ना!" आणि तिने भिंतीवरच्या फोटोकडे हात करून शपथ घेतली. आई रोज संध्याकाळी वंदना म्हणते. पाच शिलांमधलं चौथं, खोटं न बोलण्याचं, ती नुसतं म्हणत नाही. भावाच्या शाळेत त्याचं वय एक वर्षाने कमी लावून घ्या असं मास्तरच म्हणाले होते, तर ही बाई ऐकेना. आई खोटं बोलणार नाही, हे मला कोऱ्या कागदावर सही करून देता आलं असतं.

म्हणजे उरल्या सासूबाई.

त्या महाडहून एक दिवसाआड यायच्या. एसटीने पोलादपूर, तिथून रिक्षा, वाडीच्या चढाला पाय दुखतात म्हणून मध्ये एकदा बसायच्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. आल्या की पाय धुऊन बाळाला मांडीवर घ्यायच्या, आणि मी मागच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपाचा धूर खात बसलेली असायची, दार लावून. बाहेर काय चाललंय ते मला दिसायचं नाही. मी कान लावून ऐकायची. चमचा भांड्याला लागल्याचा आवाज आला, असं मला दोनदा वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "छे, मी तर नुसती घेऊन बसले होते." नुसतं घेऊन बसायला कोणी महाडहून येतं का, असं मी मनात म्हटलं.

एके दिवशी त्या न्हाणीकडे गेल्या तेव्हा मी टाके धरत उठले आणि त्यांची पिशवी उघडली. थर्मास उघडून हुंगला: अळिवाची खीर, माझ्यासाठी आणलेली. त्याखाली स्वच्छ पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोडलं तर चांदीची छोटी वाटी आणि छोटा चमचा.

कचेरीत एखाद्याच्या कागदावर दुसऱ्याच शाईतली सही सापडली की मला जसं वाटतं, तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंसुद्धा वाटलं. सगळं जसंच्या तसं गुंडाळून ठेवलं. त्या आत आल्या तेव्हा मी बाजेवर बसून होते. म्हटलं, "आई, यापुढे बाळाला घ्यायचं असेल तर माझ्यासमोर घ्या. मी शेकायला गेले की नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

त्यानंतरही त्या येत राहिल्या. थर्मास आणायच्या, खुर्चीवर बसायच्या, बाळाला हात लावायच्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहायच्या. त्या गेल्यावर आई मला बोलली, "असा कशाला तोडतेस त्यांना? एवढ्या लांबना येतात."  पुरावा माझ्याकडे होता.

फरक मात्र काहीच पडला नाही. मुलगी तशीच सुस्त, लंगोट तसेच घट्ट. चौथ्या दिवशी गावातली आशाताई लटकता काटा घेऊन आली. झोळीत मुलीला ठेवलं, काटा डोळ्यांसमोर धरला, पुन्हा एकदा मोजलं. "जन्माच्या वजनावर अजून आली नाय ताई. एव्हाना यायला पाहिजे होती." मग तिने मला छाती दाबून दाखवायला सांगितली. चार थेंब आले, तेही जोर केल्यावर. ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत बघते. नाय वाढली तर डॉक्टर डब्याचं लिहून देतील. मन लहान करू नका."

मी मन लहान केलं. सासूबाईंना लांब ठेवूनही वजन वाढत नव्हतं, म्हणजे खोट माझ्यातच होती. त्या दिवसापासून मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. माझं दूधच पातळ असेल. माझं आटलं असेल. शेवटी डबा येणार, आणि सासूबाईंचंच खरं होणार. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त टोचत होतं, मुलीच्या वजनापेक्षाही कधी कधी, आणि त्याची मला लाज वाटायची. पुढच्या आठवड्याचा तो काटा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दोन दिवसांनी सासूबाई आल्या. नेहमीसारख्या खुर्चीवर बसल्या. मी मुलीला छातीशी धरून विनवण्या करत होते आणि ती तोंड फिरवत होती. आई दारात येऊन सासूबाईंना म्हणाली, "विहिणबाय, आज कोरा चाय घ्याल ना? वरचा दूध आला नाय. घाटात ट्रक आडवा पडलाय, टेम्पो तिकडंच अडाकलाय."

सासूबाई म्हणाल्या, चालेल.

"गायीचा हाय थोडा, खालच्या वाडीतला," आई पुढे म्हणाली, "पन तो पोरीचा हाय."

मी मान वर केली. "कोणाचा?"

"पोरीचा. आपल्या." तिने माझ्या मांडीकडे बोट केलं.

आमच्या वाडीत 'वर' म्हणजे घाटावर. वरची भाजी, वरचे बटाटे, वरची थंडी. पिशवीतलं दूध टेम्पोने घाट उतरून येतं, म्हणून ते वरचं दूध. मी याच घरात वाढले, हा शब्द माझ्याही तोंडात होता. कचेरीत बसून, हॉस्पिटलची पत्रकं वाचून, मी तो कधी विसरले ते मला कळलंच नाही. सिस्टर सांगत होती की आईच्या दुधाशिवाय दुसरं काही देऊ नका, आणि माझी आई ऐकत होती की घाटावरचं देऊ नका.

"आई," मी म्हटलं, "तू तिला गायीचं दूध पाजतेस?"

"मग?" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीची एक रेघ नव्हती. "तू शेकाय बसलीस का ती रडते. तुजे टाके ओले, तुला कुटं उटवू? दोन-चार चमचे दिले का गप ऱ्हाते. वावडिंग घालून उकळते चांगला. पानी थेंबभर नाय घालत, सिस्टर नाय बोलली होती ना पान्याला. आनि तो वरचा पिशवीतला, किती दिसांचा कोन जाने, तो मी पोरीला देईन का?"

मी आधी हसले. मग टाक्यांना कळ लागली आणि मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तू तिला उपाशी मारलीस, असंही म्हटलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला कितीतरी वेळ कळतच नव्हतं की ती कुठे चुकली. कळलं तेव्हा तिने चौकट सोडली. मग आत गेली आणि तांब्यातलं ते गायीचं दूध तिने तिघींच्या चहात घातलं.

सासूबाई चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "सिस्टरला फोन लाव."

सिस्टरने पुन्हा झापलं, या वेळी मला. गायीचं आजच बंद. दर दोन तासांनी छातीला लावायची, झोपलेली असेल तर तळवे चोळून उठवायची. ती प्यायली की उरलेलं हाताने दाबून काढायचं आणि तेही वाटी-चमच्याने पाजायचं. जितकं ओढलं जाईल तितकं येईल. मी फोन ठेवून म्हटलं, "छोटी वाटी आहे का गं घरात?" आई उठायच्या आत सासूबाईंनी पिशवीतून ते पांढरं फडकं काढलं आणि माझ्या पुढ्यात सोडलं.

"हॉस्पिटलमध्येच विचारून ठेवलं होतं मी तिला," त्या म्हणाल्या. "पुरलं नाही तर काय, म्हणून. ती म्हणाली, आईचंच काढून वाटीने द्या."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण मुलगी रडत होती, तेव्हा मी वाटी उचलली.

पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. दुसऱ्या दिवशीही. मुलीला फुकटच्या चमच्यांची सवय लागलेली, ओढायचे कष्ट नको होते. ती चिडायची, मी चिडायची, आई चिडलेल्या आम्हां दोघींपासून लांब अंगणात बसायची. सासूबाई आता रोज यायला लागल्या. मुलीच्या तळव्यांना त्या चोळायच्या, मी धरायची. चौथ्या दिवशी पुन्हा तो आवाज आला, घुटुक. सहाव्या दिवशी लंगोट पिवळा झाला आणि मी तो नवऱ्याला फोटो काढून पाठवला. त्याने विचारलं, हे काय आहे? आशाताईने काटा धरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. "आली की वो ताई," ती म्हणाली, "जन्माच्या वर गेली." डब्याचं नाव कोणी काढलं नाही.

आईबद्दलची शंका मात्र माझ्या मनातून पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. मी इतकं स्पष्ट विचारलं, तेव्हा "गायीचा देते" असं तिच्या तोंडून एकदाही कसं आलं नाही? की विचारलं तेवढ्याचंच खरं उत्तर द्यायचं, हे तिलाही जमतं? मी तिला हे विचारलेलं नाही. ती बाळाला घ्यायला अजून कचरते, मी दिल्याशिवाय घेत नाही. म्हणून मीच आता दिवसातून चारदा तिच्या मांडीवर नेऊन ठेवते.

महाडला परत जायच्या आदल्या दिवशी खोलीत मी आणि सासूबाई दोघीच होतो. मुलगी पीत होती. मी म्हटलं, "आई, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"माझ्या आईच्या हातून होतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं."

 त्या शांतपणे मुलीचं टोपडं सारखं करत होत्या. "त्या दिवशी मांडीवर घेतली तेव्हा तिच्या तोंडाला वावडिंगाचा वास आला. तुझ्या नवऱ्याला मी तेच पाजलंय, मला कळणार नाही? न्हाणीत हात धुतले आणि तुला सांगायलाच येत होते. दारात आले, तर तुझे हात माझ्या पिशवीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय? तुझ्या आईचं नाव मी घेतलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. स्वतःचं झाकायला माझ्या आईचं नाव घेता? हेच म्हणाले असते, आणि वाटी-चमचा त्यांच्यापुढे आपटला असता. त्या दिवसापासून चहाच्या दिवसापर्यंत सहा दिवस गेले. एक दिवसाआड येणारी बाई रोजच्या रोज दूध कशी पाजेल, एवढं साधं गणितसुद्धा मी त्या सहा दिवसांत केलं नाही. आईला निदान एक शब्द कळला नव्हता. मला सगळे शब्द कळत होते, आणि माझ्या मुलीचे ते सहा दिवस मीच घालवले, डोळ्यांत तेल घालून.